तांडेलाचा हात

मिरकरवाड्यात कुणालाही विचारा, इद्रीस तांडेलाची बायको कौसर काय करते? उत्तर ठरलेलं. "कौसर? ती काळजी करते." लोक हे चेष्टेनं म्हणायचे, पण त्यात खोटं काडीचं नव्हतं. नवरा समुद्रावर असला की तिला वाऱ्याची काळजी, नवरा घरी असला की त्याच्या खोकल्याची. मुलगी निदा कॉलेजातून साडेपाचला यायची, तर ही पाच वीसपासून दारात उभी. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, ते हिच्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं.

अशा बाईच्या हाती कॉम्प्युटर आला, आणि त्यावर तिला कसला छंद लागावा? तर बेसबॉलचा! हसू नका, सगळं सांगतो.

कौसरचा भाऊ झैन कुवेतला एका गोदामात होता. दोन हजार दोन साली सुट्टीवर येताना त्यानं भाचीसाठी जुना कॉम्प्युटर आणला. सोबत दहाबारा सीड्या होत्या, त्यातल्या एकीवर दांडू घेतलेला एक आडदांड गोरा. निदानं ती एकदा लावून पाहिली आणि "कंटाळवाणं आहे" म्हणून सोडून दिली. तिला शास्त्र शाखेचा अभ्यास होता, तिचा जीव त्यात. पण बाजूला भेंडी चिरत बसलेल्या कौसरचं लक्ष पडद्यावर गेलं. नुसतं नावांचं आणि आकड्यांचं कोष्टक. "हे काय गं?"

निदानं समजावलं. अमेरिकेतलं क्रिकेटच समज, अम्मी. दांडू गोल असतो. चेंडू मारायचा आणि चौकोनात पळत सुटायचं. पण या खेळात आपण मारायचं नाही. आपण मुकादम. कुणाला आधी पाठवायचं, कुणाला बसवून ठेवायचं, कुणाकडून किती सराव करून घ्यायचा ते ठरवायचं आणि बटण दाबायचं. एक दिवस संपतो. कुणी किती वेळा मारलं ते लिहून येतं.

म्हणजे आणखी नऊ बापये, आणि त्यांची रोज काळजी करायची! कौसरला आयतंच घबाड मिळालं. दुपारची जोहरची नमाज झाली, भांडी झाली की तिसऱ्या प्रहरच्या असरपर्यंत ती कॉम्प्युटरसमोर. शाळा सातवीपर्यंतची, इंग्रजी बेताचं, पण आकडे काय कुठल्याही भाषेत आकडेच. महिन्याभरात तिला कळलं की या खेळात दहादा उभं राहून तीनदा मारणारा म्हणजे शूर. सातदा मान खाली घालून परत येतो तरी त्याला लोक डोक्यावर घेतात. तिला याची फार गंमत वाटली.

तिच्या संघात एक मोरेनो होता. कौसरनं त्यातला 'नो' टाकूनच दिला. "मोरे म्हण. चिपळूणकडे मोरे पुष्कळ हायत." हा मोरे तिचा सगळ्यात लाडका. इतका, की शेजारची हौसाबाई मीठ मागायला आली तर तिला आधी मोरेची तब्येत ऐकावी लागायची.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. दोन हजार तीनची रमजान ईद झाली आणि इद्रीसच्या बोटीला मासा मिळेना.

तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. बोट मालकाची, उमेरशेठची, खलाशी आठ, पण जाळं कुठं टाकायचं ते तांडेल सांगणार. पाण्याचा रंग, पक्ष्यांचा घोळका, प्रवाह, सगळं बघून तो बोट दाखवतो, तिथं जाळं पडतं. मासा लागला तर म्हणायचं तांडेलाचा हात चांगला. नाही लागला तर हात गेला. इद्रीसचा हात नऊ वर्षं मिरकरवाड्यात नावाजलेला. त्याच्या स्वतःच्या खुणा होत्या. भगवती किल्ल्यावरचा दीपगृहाचा मनोरा आणि मागच्या डोंगराचं टोक एका रेषेत आलं की थांबायचं, तिथून दक्षिणेला इतकं इतकं. वडिलांनी दाखवलेल्या जागा, आणि काही त्याच्या त्यानं शोधलेल्या. तिथं जाऊन तो इंजिन बंद करायचा आणि गप्प बसून राहायचा. कधी तास, कधी चार तास. खलाशी पेंगायला लागायचे. मग एकदम म्हणायचा, "टाका."

ईदनंतरची पहिली खेप रिकामी आली, तेव्हा कुणी काही बोललं नाही. दर्यात असं होतंच. दुसरी आली. तिसरी आली. चौथ्या खेपेला जेट्टीवर चारदोन टोपल्या उतरल्या, त्याही ढोम्याच्या, म्हणजे कवडीमोलाच्या मासळीच्या.

मग कौसरनं कंबर कसली. आधी मीठमिरच्यांनी नवऱ्याची दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या, ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट आहेच. दर्ग्यावर चादर चढवली. जाळं जुनं झालंय, बदला म्हणाली. निघायचा वार बदला म्हणाली. शिवा खलाशी नवीन आलाय, तो आल्यापासूनच हे झालं, त्याला दुसरीकडे बसवा म्हणाली. बिचारा शिवा लांज्याकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, त्याला आधीच दर्या लागून उलट्या व्हायच्या. इद्रीस एकेक ऐकत गेला. जाळं बदललं, वार बदलला, शिवाला नाळेवरून, बोटीच्या पुढच्या टोकावरून, काढून मागं बसवलं. सातवी खेप रिकामी.

"सुलेमान तांडेलाला मिळतोय मासा," कौसर आठव्या खेपेआधी म्हणाली. "तुम्ही त्याच्या पाठून का जात नाय? तो जातो तिथं जायचं, तो टाकतो तिथं टाकायचं. सोपं तर हाय."

इद्रीस जेवत होता. त्यानं मान वर केली नाही, पण पुढच्या खेपेपासून त्यानं सुलेमानचं शेपूट धरलं. आता पुढच्या बोटीनं पाणी ढवळल्यावर मागच्याला काय मिळणार? पाणीच. आठवी गेली, नववी गेली, दहावी गेली.

आणि योगायोग कसा, बघा. तिकडे कॉम्प्युटरवर मोरेचाही दांडू चालेना. वीसदा उभा राहिला, एकदाही लागला नाही. कौसरला घरात नवरा आणि पडद्यावर मोरे, दोन्हीकडून घोर. तिनं मोरेलाही सोडलं नाही. तिसरा यायचा त्याला सातवा पाठवला. सराव दुप्पट केला. 'मारण्याची पद्धत बदला' अशी एक जागा होती, तिथं जाऊन पद्धत बदलली. दोन दिवस वाट पाहिली, पुन्हा बदलली. तिची जेवणावरची वासना उडाली. हौसाबाई म्हणाली, "अगं, त्या मोरेला बायकापोरं तरी हायत काय? तूच रडतेस त्याच्यासाठी."

अकरावी खेप रिकामी आली त्या दुपारी भिकाजी घरी आला. भिकाजी म्हणजे बोटीवरचा सगळ्यात जुना खलाशी, इद्रीसचा उजवा हात. इद्रीस नमाजेला गेलेला बघूनच तो आला होता. पायरीवरच उभा राहिला.

"भाबी, तांडेलाला मी सांगू शकत नाय, तुमच्या कानावर घालतो. उमेरशेठनं साखरीनाट्याच्या एका तांडेलाला निरोप धाडलाय. अजून एक खेप आपल्याला. ती पण कोरडी आली तर बोट त्याच्या हाती."

 हंगामाच्या मध्यावर तांडेलाला काढलं म्हणजे काय, ते कौसरला कुणी सांगायला नको होतं. त्याला पुन्हा कुणी बोट देत नाही. 'हात गेलेला' हा शिक्का कपाळावर बसतो. सेहेचाळिसाव्या वर्षी इद्रीसला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जावं लागणार, आणि हुकूम सोडणार कोण, तर त्यानंच शिकवून मोठी केलेली पोरं. नवरा हे सोसणार नाही. बोलणार नाही एका अक्षरानं, पण आतून खचेल.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. निदा घरीच. दुपारी तिनं पाहिलं, अम्मी कॉम्प्युटरसमोर बसून डोळे पुसतेय. कारण तिला ठाऊक होतं, अब्बांच्या बोटीची गोष्ट वाड्यात लपून राहिली नव्हती. पण अम्मी बोलत होती मोरेबद्दलच.

"एकतीस झाले गं. एकतीसदा उभा राहिला, एकदा नाय लागला. काय झालंय त्याला?"

"काही झालं नाही त्याला," निदा म्हणाली.

"काय नाय कसं? धडधडीत दिसतंय की."

निदाला कॉलेजात संख्याशास्त्र होतं. तिनं आईला आकडेमोड सांगितली नाही, ते पोरीचं शहाणपण. तिनं फडताळातून रिकामा पत्र्याचा डबा काढला, त्यात दहा चिंचोके टाकले. तीन चिंचोक्यांना आधी चुना फासून ते पांढरे केले होते. "हा तुझा मोरे. दहात तीनदा मारणारा. डोळे मीट, एक काढ. पांढरा आला तर लागला, काळा आला तर नाही. बघितलास की परत आत टाकायचा आणि डबा हलवायचा."

कौसरनं बिस्मिल्ला म्हणून हात घातला. काळा. पुन्हा काळा. मग पांढरा आला, तिला बरं वाटलं. निदा वहीवर खुणा करत गेली. पन्नास झाले, शंभर झाले. कौसर वैतागली, पण पोरगी सोडेना. दीडशेच्या आसपास काळे सुरू झाले ते थांबेनातच. चार, सहा, नऊ. कौसरनं डबा उपडा करून बघितला, पांढरे तिन्ही आत होते ना! होते. पुन्हा काळा. बारा काळे ओळीनं आले. तेराव्याला पांढरा आला, तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"चिंचोक्यांना काय झालं होतं, अम्मी? दृष्ट लागली होती?"

"गप गं."

"असंच येतं. मध्येच एक ओळ काळी येते. डबा तोच, चिंचोके तेच. मोरेचं पण तसंच चाललं होतं. थांबली असतीस तर आला असता वर." निदा कॉम्प्युटरकडे वळली आणि एका कोपऱ्यातल्या आकड्यावर तिनं बोट ठेवलं. "पण हे बघ. हे त्याचं कसब. तुझ्या हातात आला तेव्हा एकाहत्तर होतं. आता चोपन्न. इथं लिहिलंय, पद्धत बदलली की दर वेळी कसब उतरतं. तू किती वेळा बदललीस?"

"आठ... नऊ वेळा असेल."

"काळे चिंचोके कुणाच्या हातात नव्हते. हे चोपन्न मात्र तुझं काम. डब्यातले पांढरे तूच काढून फेकलेस."

पोरगी सहज बोलली आणि अभ्यासाला गेली. कौसर तिथंच बसून राहिली. दृष्ट, चादर, वार, जाळं, शिवा, सुलेमान. एकेक तिला आठवत गेलं. मोरे गेला खड्ड्यात! तिनं स्वतःच्या माणसाचं कसब उतरवलं होतं, रोज थोडं थोडं, आणि वर वाटत होतं की आपण त्याला वाचवतोय.

इद्रीस अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते घोकून आली होती, आयत्या वेळी सगळं विसरली.

"सुलेमानच्या पाठून जाऊ नका," ती म्हणाली. "तुमच्या खुणांवर जा. मी सांगितलं ते चुकलं. जाळ्याचं चुकलं, शिवाचं चुकलं, सगळंच."

इद्रीसची सुई थांबली.  

"तू सांगितलंस म्हणून गेलो, असं वाटतं तुला?" तो म्हणाला. "अगं, तू वीस वर्षं सांगतेस, कान झाकून ठेव, गार पाण्यानं आंघोळ नको. मी ऐकलंय कधी?"

"मग?"

"भ्यालो." त्यानं जाळ्याकडेच बघत सांगितलं. "माझ्या खुणेवर गेलो आणि जाळं रिकामं आलं, तर माझा हात गेला. सुलेमानच्या पाठून गेलो आणि रिकामं आलं, तर तो सुलेमानचा उष्टा दर्या. माझ्यावर काय नाय. म्हणून गेलो. वडलांच्या जागी चार खेपा फिरकलो नाय. तिथं बसवत नाय आता. इंजिन बंद केलं की वाटतं, आठ माणसं माझ्या पाठीकडं बघतायत."

वीस वर्षांच्या संसारात या माणसानं 'भ्यालो' हा शब्द तिच्यासमोर उच्चारला नव्हता. कौसरला रडू फुटलं. तिला वाटत होतं घरात काळजी करणारी आपण एकटीच.

बाराव्या खेपेला इद्रीस आपल्या खुणेवर गेला. भिकाजीनं नंतर सांगितलं, तांडेल पाच तास बसून होता, जुन्यासारखा. शिवाला पुन्हा नाळेवर घेतलं होतं. मग "टाका" म्हणाला.

आणि जाळं रिकामं आलं.

मला ठाऊक आहे, तुम्हाला वाटत होतं आता मासा लागणार. कौसरलाही वाटत होतं. तिसऱ्या दिवशी ती हौसाबाईला घेऊन जेट्टीच्या वरच्या वळणावर उभी होती. बोट लागली, नऊ माणसं उतरली, टोपल्या उतरल्याच नाहीत. उमेरशेठ खाली उभा होता. तिशीतला तरुण मालक, बाप हाजीसाहेब गेल्यापासून बोट हाच बघायचा. तो इद्रीसशी दोन मिनिटं बोलला, दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. इद्रीस घरी आला आणि म्हणाला, "जुम्म्याला बोट द्यायचीय." एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

कौसरनं डोक्यावर ओढणी घेतली. चिंचोक्यांचा डबा उचलला आणि भर दुपारी ती उमेरशेठच्या घरी गेली. शेठशी बोलायची तिची प्राज्ञा नव्हती, ती गेली त्याच्या आईकडे. मरियमचाची ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. साठी उलटलेली बाई, नजर अजून तीक्ष्ण, जीभ त्याहून.

"ये. रडायला आली असशील तर आधी पाणी पी," मरियमचाची म्हणाली.

"रडायला नाय आले, चाची. एक काम करा, यातला एक चिंचोका काढा."

चाचीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाईचं डोकं फिरलंय. तरी हात घातला. कौसरनं तिला सगळं सांगितलं. दहात तीन पांढरे, चांगला तांडेल म्हणजे असा डबा, आणि कधी कधी काळ्यांची ओळ येते, त्यात डब्याची चूक नसते. बोलता बोलता चाची चिंचोके काढत होती. काळा. काळा. कौसर मनात घोकू लागली. एक तरी पांढरा येऊ दे अल्ला, नाहीतर ही म्हणेल डबाच वाईट. काळा. आतून उमेरशेठ हात पुसत बाहेर आला आणि दारात थांबला. काळा, आणि पुन्हा काळा. सहावाही काळाच निघाला तेव्हा चाचीनं डबा खाली ठेवला.

"पांढरे हायत आत?" तिनं विचारलं.

"हायत चाची, अल्लाची कसम. उपडा करून दाखवते."

"ठेव. कळलं मला."

चाची ओटीवरून समुद्राच्या दिशेनं बघत राहिली. मग मुलाला म्हणाली, "उमेर, बस इथं. तू जन्मलास त्या साली तुझ्या बापाची होडी दोन महिने कोरडी होती. ठाऊक हाय?"

"नाय."

"बाप स्वतः तांडेल तेव्हा. तुझी दादी म्हणाली, हा पोरग्याचा पायगुण. वाड्यात सगळे तेच म्हणायला लागले. तुला घेऊन मला माहेरी धाडलं. महिना झाला, चाळीस दिवस झाले, न्यायला कुणी येईना. तुला पाजताना मी तुझ्या पायांकडं बघायची. अगदी खरं सांगते, मला पण वाटायला लागलं होतं, असेल बाबा काहीतरी या पायांत." तिनं तांदळातला एक खडा उचलून टाकला. "मग एक दिवस सौंदाळा मासा लागला आणि तुझा बाप न्यायला आला. दादी म्हणाली, आता पायगुण सुधारला. तू तेव्हा पाळण्यात. जमिनीला पाय तरी टेकला होता काय तुझा?"

उमेरशेठनं नकळत पाय मागे घेतले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हे मला कधी सांगितलं नायस."

"सांगून काय, जन्मभर पायच धूत बसला असतास."

उमेर म्हणाला, "अम्मा, आठ घरं हायत त्या बोटीवर. अजून अशाच चार खेपा गेल्या तर?"

"जातील पण," मरियमचाची म्हणाली. "ही बाई काय मासा लागेल म्हणून सांगायला आलेली नाय. काय गं?"

कौसरनं मान हलवली. लागेल म्हणायला तिचं मन तडफडत होतं, पण तोंडून खोटं निघेना. "लागेल असं नाय सांगू शकत, शेठ. हात गेलेला नाय, एवढंच सांगते."

उमेरनं डबा उचलला, आत डोकावून पाहिलं, तीन पांढरे बोटानं बाजूला केले. मग झाकण लावून तिच्या हातात दिला. "पावसाळ्याच्या बंदीपर्यंत इद्रीसभाईच राहू दे. साखरीनाट्याला मी कळवतो." तो आत गेला.

कौसरला चाचीच्या पायाशी बसून हमसून रडावंसं वाटलं. पण चाचीनं तिचं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"एक ऐकून जा. माझ्या पोराचं तोंड मी बंद करते, तुझं तू करायचं. कुठं गेला होतात, का गेलात, असं करा, तसं करा, एक अक्षर नाय. बंदीपर्यंत. माझी सासू पण वाईट नव्हती, पोरी. तिला फक्त गप बसवत नव्हतं."

तेराव्या खेपेला इद्रीस निघाला, तेव्हा कौसर दारात उभी राहिली आणि "अल्ला निगेहबान" एवढंच म्हणाली. तीन दिवस तिनं जीभ चावून काढले. कॉम्प्युटर लावला नाही, वळणावर गेली नाही. हौसाबाई विचारायला आली, तर तिला चहा पाजून वाटेला लावलं.

चौथ्या दिवशी दुपारी इद्रीस घरी आला. त्याच्या हातांना खवला चिकटलेला नव्हता, ते तिनं लांबूनच पाहिलं. तिनं पाणी दिलं, ताट वाढलं, समोर बसली. तो तीन घास जेवला आणि थांबला.

"विचारलं नायस," तो म्हणाला.

"नाय."

"वारा विचारला नायस. कुठं टाकलं ते पण नाय."

"नाय."

इद्रीसनं ताट बाजूला सरकवलं, डावा हात लांब करून तिच्या कपाळाला लावला, ताप आहे का बघायला. "बरी आहेस ना गं तू?"

कौसरला हसू आलं आणि डोळेही भरले. "बरी हाय. जेवा."

तो जेवायला लागला. आमटी भुरकून झाली, मग खाली बघतच म्हणाला, "आजपण काय नाय मिळालं. माझ्याच खुणेवर होतो. परवा तिथंच जातो."

परवा वारा फिरणार, असं तिनं सकाळीच रेडिओवर ऐकलं होतं. तिनं डाव उचलला आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.